उकिरड्याला काय द्यावे, काय देऊ नये



आपल्या खेड्यातल्या घरात पूर्वी 'कचरा' हा शब्द फारसा ऐकू येत नसे. केर होता, राख होती, कोंडा होता, जनावराने गव्हाणीत टाकलेले चघाळ होते, भाजीची देठे होती, पऱ्हाट्या, तुराट्या आणि धसकटे होती. प्रत्येकाला वेगळे नाव होते, कारण प्रत्येकाची जाण्याची जागा वेगळी होती. राखेने भांडी घासली जात आणि उरलेली राख परसातल्या आळ्यांत पडे. कोंडा भिजवून म्हशीपुढे जाई. पऱ्हाट्या चुलीला लागत, तुराट्यांचा कूड होई. शेण, चघाळ आणि अंगणातला केर टोपल्यात भरून उकिरड्यावर जाई. घरातून बाहेर पडलेली वस्तू बहुधा कोणाचे तरी अन्न, जळण किंवा खत होत असे.

त्या काळाचे गोडवे गाण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्या काळात चुलीच्या धुराने बायकांचे डोळे जात होते आणि उघड्या गटाराने पोरे आजारी पडत होती, हेही मी पाहिले आहे. परंतु एक गोष्ट त्या घरांत पक्की होती. कोणती वस्तू कोठे जायची, हे घरातल्या लहान पोरालाही सांगावे लागत नसे. हात आपोआप तिकडे जाई. ती सवय आपण हरवली आहे. तिची किंमत आज आपली जमीन आणि आपली जनावरे मोजत आहेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझे शेतकीचे शिक्षण परभणीला झाले. त्यानंतरची तीसएक वर्षे मराठवाड्यातल्या गावांत विस्ताराचे काम करण्यात गेली. या कामात माती परीक्षणासाठी नमुने घ्यावे लागतात. शेतात वीतभर खोल खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडून घ्यायची, अशी ती रीत. नोकरीच्या सुरुवातीला त्या खड्ड्याच्या कडेला मुळ्या दिसत, गांडुळाची भोके दिसत. अलीकडे बऱ्याच शेतांत मुळ्यांबरोबर शांपूच्या पुडीचा तुकडा, गुटख्याच्या पाकिटाची किनार, दुधाच्या पिशवीचा कोपरा हाताला लागतो. गावापासून दोन कोस लांब, रस्ता नाही, वस्ती नाही, अशा रानात ही पुडी आली कशी? वाऱ्याने थोडी येते, हे खरे. बाकीची आपणच गाडीत घालून नेली आणि शेणखत म्हणून पसरली.

बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, अशी आपली म्हण आहे. पाऊस खाऊन, ऊन खाऊन, कुजून कुजून उकिरड्याचे सोने होते आणि ते शेतात जाते, हा या म्हणीमागचा अनुभव. आज उकिरड्याचे दैव उलटे फिरले आहे. त्यात शेण कमी झाले, कारण दावणीची जनावरे कमी झाली. आणि जे कुजणार नाही ते वाढले.

उकिरड्यात नेमके काय घडते, हे थोडक्यात सांगतो. शेण, पालापाचोळा आणि काडीकचरा ओलसर राहिला व त्यात हवा खेळली, की डोळ्यांना न दिसणारे जीवाणू त्याच्यावर तुटून पडतात. त्यांच्या कामाने ढीग आतून इतका तापतो की हात घालवत नाही. त्या उष्णतेने तणाचे बी आणि रोगाचे जंतू पुष्कळसे मरतात. तीन-चार महिन्यांत काळे, भुसभुशीत, मातीच्या वासाचे खत हाती येते. ही गोष्ट शास्त्राच्या कसोटीवर घासून मांडण्याचे काम आपल्या देशातच झाले. इंदूरच्या संस्थेत आल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातल्या टाकाऊ काडीकचऱ्यापासून खत करण्याची पद्धत बसवली आणि १९३१ साली त्यावर पुस्तक लिहिले. पुढे पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी भोके ठेवलेल्या विटांच्या टाक्याची पद्धत दिली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला नाडेप म्हणतात. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच टाके. त्यात सुमारे चौदाशे किलो काडीकचऱ्याला शेण लागते ते अवघे शंभर किलोच्या आसपास. बाकी चाळलेली माती आणि पाणी. ज्यांच्या दावणीला आता एकच गाय उरली आहे, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. आणि त्या पद्धतीतही टाके भरण्यापूर्वी काडीकचऱ्यातून प्लॅस्टिक, काच आणि दगड वेचून काढायला सांगितलेले आहे.

का वेचायचे? जीवाणूला प्लॅस्टिक खाता येत नाही. ते कुजत नाही, नुसते फाटत जाते. एका पिशवीचे दहा तुकडे, दहाचे शंभर. पिशवी अख्खी असते तोवर ती दोन बोटांनी उचलता येते. तिचे बारीक तुकडे मातीत मिसळले, की मग साऱ्या घराने चार दिवस रानात बसून वेचले तरी ते निघणार नाहीत. वखराच्या पासेला पिशव्या गुंडाळल्या जातात. मातीत आडवा पडलेला कागद पाण्याला अडवतो, कोवळ्या मुळीलाही अडवतो. फुटलेल्या काचेने निंदणाऱ्या बाईचा हात कापतो. म्हणून वेचायची वेळ उकिरड्यावर नाही आणि रानात तर नाहीच. ती वेळ घरात, वस्तू हातात असते तेव्हाच असते.

जनावरांचे तर आणखी वाईट. आपल्या घरातली चांगली माणसेसुद्धा उरलेला भात, भाजीची साले पिशवीत घालतात, गाठ मारतात आणि ती पिशवी उकिरड्यावर भिरकावतात. गाईला अन्नाचा वास येतो, पण गाठ सोडायला तिला हात नाहीत. ती पिशवीसकट गिळते. जनावराच्या पोटाचे चार कप्पे असतात. पहिला, सर्वांत मोठा, तो कोटीपोट. पिशवी तेथे जाऊन बसते, पुढे सरकत नाही. एकावर एक पिशव्या जमत जातात. चारा खाल्ला तरी जनावर वाळत जाते, दूध आटते, पोट फुगते. तार किंवा खिळा गेला तर तो जाळीपोटात उतरतो आणि तेथून हृदय जवळच असते. एका अल्पभूधारक घरातली दुभती गाय अशीच गेलेली मी पाहिली. घरात इतर उत्पन्न नव्हते, डेअरीच्या पैशावर किराणा चाले. पशुवैद्यकीय डॉक्टरांनी पोट उघडले तेव्हा पिशव्यांचा आणि दोऱ्यांचा गच्च गोळा निघाला. घरची बाई काही बोलली नाही. तिने त्या गोळ्यातली एक पिशवी काठीने बाजूला केली आणि म्हणाली, "ही तर आमच्याच घरची हाये."

बंधु-भगिनींनो, भाषणे मी खूप दिली आहेत आणि भाषणाने काय होते तेही पाहिले आहे. गाव एखाद्या स्वच्छतेच्या स्पर्धेत उतरले, की तपासणीच्या आधी आठ दिवस झाडलोट चालते, चुन्याच्या रेघा ओढल्या जातात, पाहुणे येतात, चहा होतो. महिन्याभराने उकिरडा पुन्हा पहिल्यासारखा. यात कोणाची लबाडी नसते. एका दिवसाचा उत्साह आणि रोजची सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इतकेच. संत गाडगेबाबांच्या हातात खराटा होता तो रोजचा होता.

मग सवय लागावी कशी? माझ्या पाहण्यात ज्या घरांना जमले, त्यांनी वेगळे असे काही व्रत घेतले नाही. रोजच्या एखाद्या कामाला त्यांनी नवे काम जोडून दिले. अशा पाच सवयी सांगतो. पाचही एकदम धरू नका. एक धरा, ती अंगवळणी पडली की दुसरी.

पहिली सवय चुलीजवळची. आजकाल गॅसच्या ओट्याजवळची म्हणा. तेथे दोन वस्तू असू द्याव्यात. ओल्यासाठी एक जुने पातेले किंवा मडके, आणि कोरड्यासाठी खिळ्याला टांगलेले खताचे जुने, धुतलेले पोते. पुडी फोडली की ती हातात असतानाच पोत्यात. पोते दाराबाहेर ठेवले तर कोणी उठत नाही. हात पुरेल अशा जागी टांगले तर नातवंडेसुद्धा टाकतात. दुधाची पिशवी मात्र फोडल्यावर विसळून दोरीवर वाळवावी, नाहीतर वास येतो आणि घरातली मंडळी आठ दिवसांत पोते काढून टाकतात. पिशवीचा कोपरा पूर्ण कापू नये, थोडा लोंबता ठेवावा. पिशवी वेचता येते, तो चिमुकला तुकडा येत नाही.

दुसरी सवय ओल्या पातेल्याची. सकाळी गोठा काढायला जाल तेव्हा ते बरोबर न्यावे. भाजीची देठे, साले जनावरांपुढे आणि उरलेले उकिरड्यावर शेणाखाली दाबून. वर पडले तर कुत्री आणि माश्या येतात. शिळी भाकरी कुस्करून फोडणीला टाकणे आपल्या माताभगिनींना मी शिकवायला नको. परंतु एक सांगितले पाहिजे. लग्नकार्यातला उरलेला भात, पोळ्या किंवा गोडधोड पाटीभर एकदम जनावरापुढे टाकू नका. कोटीपोटात आंबून आम्ल वाढते आणि जनावर दगावू शकते. बुरशी आलेली भाकरीही देऊ नये.

राखेचे एक शास्त्र आहे. लाकडाच्या राखेत पालाश असते, ती परसातल्या वांगी, मिरची, केळीच्या आळ्यांना चांगली. पण ताज्या शेणात आणि गोमूत्रात राख मिसळली तर त्यातले नत्र वायू होऊन उडून जाते. म्हणून राखेचा डबा वेगळा ठेवावा आणि चिमूट-चिमूट आळ्यांत टाकावी. प्लॅस्टिक मात्र चुलीत जाळून त्याची राख करू नका. त्याचा धूर विषारी असतो आणि चुलीपुढे जी बसते तिच्याच छातीत तो आधी जातो.

तिसरी सवय बाजाराच्या दिवसाची. कचरा घरात यायच्या आधीच अडवला तर सर्वांत सोपे. आमच्या घरी माझी आई सुतळीचा गुंडा आणि रद्दीच्या घड्या जपून ठेवत असे, तेलाची बरणी घेऊन दुकानात जाई. आज तसेच्या तसे जमणार नाही. परंतु कापडी पिशवी जमते. ती खुंटीला टांगली तर विसरते, म्हणून गाडीच्या डिकीत किंवा सायकलच्या हँडलला कायमची बांधून ठेवावी. धुतली की परत तेथेच. महाराष्ट्रात २०१८ सालापासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅग आणि थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी आहे. २०२२ सालच्या १ जुलैपासून एकदा वापरून फेकायच्या कितीतरी वस्तूंना देशभर बंदी झाली. तरी बाजारात पिशवी मिळतेच. आपण हात पुढे केला नाही तर दुकानदार बळेच देत नाही.

लहान पुड्यांचा हिशेब मांडून पाहा. घरात चार माणसे. प्रत्येकी आठवड्याला शांपूची एक पुडी. वर्षाच्या ५२ आठवड्यांत २०८ पुड्या झाल्या. शंभर उंबऱ्यांच्या गावात २० हजार ८००. आणि ही झाली फक्त शांपूची. पुडी कोणी हौसेने घेत नाही, हे मला कळते. रोजंदारीवर चालणाऱ्या घराकडे मोठ्या बाटलीचे पैसे एकदम नसतात. म्हणून त्या घराला मी दोष देणार नाही. मात्र बचत गटाच्या बहिणींनी मोठा डबा घेऊन आपापल्या बाटल्यांत वाटून घेतल्याचे मी पाहिले आहे. ज्यांचे हातात पैसे असतात त्यांनी तरी पुडीची सवय सोडावी.

चौथी सवय फवारणीची. ही घरधन्याची जबाबदारी, बाईवर ढकलू नये. औषधाची बाटली रिकामी झाली की तिच्यात पाणी घालून हलवावे आणि ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावे. असे तीन वेळा. औषधही वाया जात नाही. मग बाटलीला खिळ्याने भोके पाडावीत, म्हणजे तिच्यात कोणी तेल, पाणी भरणार नाही. ही बाटली उकिरड्यावर नको, विहिरीच्या कडेला नको, चुलीत तर मुळीच नको. रानातल्या कोठीत कुलपाआड वेगळ्या पोत्यात ठेवावी आणि ग्रामपंचायतीला किंवा कृषी सहायकाला विचारून विल्हेवाट लावावी. संपलेले सेल, फुटलेले बल्ब, मुदत गेलेल्या गोळ्या यांचाही डबा वेगळाच असावा. मुलींचे आणि बायकांचे पाळीचे पॅड कागदात गुंडाळून स्वतंत्र ठेवावेत. या गोष्टीची लाज वाटून ते उकिरड्यात लपवले जातात आणि मग कुत्री ओढतात. घरातल्या पुरुषांनी हा विषय टाळू नये.

पाचवी सवय पंगतीची. पूर्वी पळसाच्या पानांच्या पत्रावळीवर गाव जेवायचे आणि दुसऱ्या दिवशी त्या उकिरड्यात कुजायला जायच्या. आता चकचकीत थर असलेल्या कागदी पत्रावळी, द्रोण आणि पाण्याचे पेले. कागद कुजतो, थर राहतो. गावाने किंवा बचत गटाने स्टीलची ताटे, वाट्या, पेले एकदा घेऊन ठेवले तर ते वर्षानुवर्षे चालतात. आमच्याकडच्या एका गावात गटाच्या बायका थोडे भाडे घेऊन भांडी देतात. मोडले-हरवले तर भरपाई घेतात. पहिल्या लग्नात पाहुणे कुरकुरले. नंतरच्या लग्नांत तीच गावाची रीत झाली.

आता एक प्रश्न उरतो. तो मला एका गावात पारावरच्या सभेत एका मावशीने उभे राहून विचारला होता. "सायेब, तुमी सांगता तसं पोतं भरलं. म्होरं ते न्यायचं कुणी आन् टाकायचं कुठं?" सभेत हशा पिकला, पण प्रश्न सोळा आणे खरा होता. भंगारवाला बाटल्या, डबे, लोखंड, पुठ्ठा घेतो. दुधाच्या पिशव्याही काही जण घेतात. पुड्या आणि चकचकीत पाकिटे तो घेत नाही. त्याचे उत्तर एकट्या घराजवळ नाही. २०१६ सालच्या केंद्र सरकारच्या प्लॅस्टिकविषयीच्या नियमांनी ही जबाबदारी ग्रामपंचायतीवरही टाकली आहे. तेव्हा ग्रामसभेत हा विषय घ्यायला लावा. महिन्यातून एक दिवस ठरवून गावचे कोरडे पोते एका ठिकाणी गोळा व्हावे आणि तेथून तालुक्याला जावे, एवढी मागणी करणे आपला हक्क आहे. मात्र ग्रामपंचायत तुमचा माल तेव्हाच पुढे पाठवू शकेल, जेव्हा तो शेणात आणि खरकट्यात बरबटलेला नसेल. म्हणून घरातले काम आधी.

आणि ते काम एकट्या सुनेच्या गळ्यात घालू नका, ही माझी हात जोडून विनंती. घरात सवय बसली नाही अशी जी घरे मी पाहिली, तेथे बहुधा एकच बाई वेचत होती आणि बाकीचे टाकत होते. ती किती दिवस पुरी पडणार? गुटख्याची पुडी खिशातच ठेवून घरच्या पोत्यात आणून टाकणे पुरुषाला अवघड नाही. सोडली तर उत्तमच. शाळेतल्या पोराला गोळीचा कागद दप्तराच्या कप्प्यात ठेवायला सांगा. बांधावर न्याहारी झाली की पाकीट गमज्यात बांधून घरी न्यावे.

सुरुवात कोठून करावी, असे कोणी विचारले तर मी म्हणेन, आठ दिवस नुसते साठवून पाहा. काहीही बदलू नका, फक्त कोरडा माल एका पोत्यात टाका. पुढच्या बाजाराच्या दिवशी ते पोते अंगणात रिते करून घरच्या सर्वांनी बघावे. आमच्या घरी केले तेव्हा सर्वांत जास्त निघाली ती पोरांच्या खाऊची पाकिटे. कोणाला बोलावे लागले नाही. दुसऱ्या आठवड्यापासून शेंगदाणे आणि लाह्यांचा डबा पुन्हा फळीवर आला.

जुन्या उकिरड्यात आजवर जे जाऊन पडले आहे, त्याचेही थोडे करता येते. अक्षय तृतीयेच्या सुमारास, रोहिण्यांच्या आधी आपण खत बाहेर काढतो. यंदा ते सरळ गाडीत भरू नका. वाळू चाळायची जाळी तिरकी उभी करा आणि खत तिच्यावर टाका. खाली पडेल ते शेताचे. वर अडकेल त्यातली धसकटे, काड्या नव्या खड्ड्यात परत कुजायला घाला आणि पुड्या, पिशव्या, काचा पोत्यात भरा. चार गाड्यांच्या खताला एक दिवस जादा लागेल. वेचताना हातात मोजे असू द्या.

पुढच्या वर्षी त्याच वेळी पुन्हा जाळी उभी करा. वर अडकलेले पोते मागच्या वर्षीपेक्षा हलके भरले, तर घराला सवय लागली असे समजा. तेवढे झाले तरी पुष्कळ.